प्रिप्यातला जायचं तर हवेपेक्षा मातीला जपा

पुण्याच्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्याचा मामेभाऊ युक्रेनमध्ये एमबीबीएसला होता आणि २०१९ साली १९८६ साली स्फोट झालेल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राशेजारचं ओस शहर, प्रिप्यात, बघून आला. त्याचे फोटो पाहिल्यापासून यालाही तिथे जायचं आहे. त्याचे प्रश्न असे: एका दिवसात किरणांचा किती डोस लागतो, कपडे कोणते घालायचे, आयोडिनच्या गोळ्या न्यायच्या का, किरण मोजणारा गायगर काउंटर विकत घ्यावा का, आणि पुढच्या वर्षी लग्न ठरलंय तर मूलबाळ होण्यात काही अडचण येईल का. शेवटचा प्रश्न बहुधा त्याच्या आईचा आहे. "तिकडून आलास तर घरात पाऊल टाकण्याआधी खालीच आंघोळ कर," असं त्या म्हणतात.

मी ३२ वर्षं अणुवीज केंद्रात विकिरण सुरक्षेचं काम केलं. आमच्या भाषेत हेल्थ फिजिक्स. एखाद्या जागी माणूस कामाला जाण्याआधी तिथली पातळी मोजायची, किती मिनिटं थांबायचं ते ठरवून द्यायचं, आणि तो बाहेर आला की त्याला डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासून मगच घरी सोडायचं, हे आमचं काम. प्रिप्यातला मी दोनदा गेले. २०१२ साली कामाच्या निमित्ताने आणि एप्रिल २०१८ मध्ये चारचौघांसारखी तिकीट काढून, कीवहून बसने.

आधी नकाराचं सांगते. सध्या जाऊ नका. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन सैन्य बेलारूसच्या बाजूने ज्या वाटेने आत घुसलं ती वाट चेर्नोबिलभोवतीच्या याच प्रतिबंधित क्षेत्रातून जाते. मार्चअखेरीस ते सैन्य मागे गेलं, पण तेव्हापासून हा भाग पर्यटकांना बंद आहे. जंगलात भूसुरुंग आहेत. नागरी विमानांसाठी युक्रेनचं आकाशच बंद आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला तर एक ड्रोन चौथ्या अणुभट्टीवरच्या नव्या पोलादी आच्छादनावर येऊन आदळला आणि त्याला भोक पडलं. कुणी आडवाटेने आत नेतो म्हणालं, तर तो तुम्हाला सुरुंगांच्या जंगलातून नेणार आहे एवढं लक्षात ठेवा. हे क्षेत्र पुन्हा उघडेल तेव्हासाठी पुढचं सगळं लिहिते आहे. त्यातलं बरंचसं जपानमधल्या फुकुशिमालाही लागू पडतं, आणि तिथे आजही जाता येतं. त्याबद्दल शेवटी.

माझ्याकडे नव्याने कामाला आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एकच फरक शिकवायचे. तो समजला की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बाहेरून लागणारे किरण म्हणजे ऊन. उन्हात उभे राहिलात तर चटका बसतो, सावलीत आलात की संपलं. ऊन तुमच्याबरोबर घरी येत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस दुसऱ्याला किरण देत नाही, तसंच. दूषण, म्हणजे किरण टाकणारी धूळ-माती, मात्र रंगपंचमीच्या रंगासारखं. बोटाला लागला की बोटाचा कानाला, कानाचा उशीला, आणि चार दिवसांनी तो नखाच्या कडेत सापडतो. प्रिप्यातमधलं ऊन आता फारसं कडक राहिलेलं नाही. रंग मात्र अजून आहे, आणि तो हवेत नाही, मातीत आहे.

आता आकडे. कीवमध्ये ताशी साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक) असतात. प्रिप्यातच्या डांबरी रस्त्याच्या मधोमध चालताना बहुतेक ठिकाणी ०.३ ते १ च्या दरम्यान. २०१८ साली मी खिशात इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर ठेवला होता. सकाळी कीवहून निघून रात्री परत येईपर्यंत त्याच्यावर एकूण ४ मायक्रोसिव्हर्ट जमले. मुंबईहून तिकडे जाऊन येण्यात विमानात बसून जे वैश्विक किरण लागतात, ते याच्या कित्येक पट भरतात. छातीचा एक सीटी स्कॅन काही हजार मायक्रोसिव्हर्टचा असतो. सर्वसामान्य माणसासाठी नैसर्गिक आणि वैद्यकीय डोस सोडून वर्षाला १,००० मायक्रोसिव्हर्टची, म्हणजे १ मिलिसिव्हर्टची मर्यादा मानली जाते. म्हणजे अशा एका दिवसाच्या अडीचशे फेऱ्या झाल्या तर तुम्ही त्या मर्यादेला पोचाल.

मग एवढं कमी असेल तर लोक तिथे राहत का नाहीत, असं विचाराल. गुणाकार करा. ताशी १ मायक्रोसिव्हर्टच्या जागी वर्षभर राहिलात तर ८,७६० तास होतात, म्हणजे जवळजवळ ९ मिलिसिव्हर्ट. त्यात तिथल्या विहिरीचं पाणी, तिथल्या गाईचं दूध, परसातल्या भाज्या, जंगलातल्या अळंब्या. घरातलं रांगतं मूल मातीतलं बोट तोंडात घालणार. पाहुण्याला चालतं ते रहिवाशाला चालत नाही. पाहुण्याने रहिवाशासारखं वागू नये, म्हणजे बसू नये, खाऊ नये, काही उचलू नये. तिथले सगळे नियम यातूनच आले आहेत.

चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी. त्या वेळी जे बाहेर पडलं त्यातलं बरंच आता उरलेलं नाही. किरणोत्सर्गी आयोडिन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं. ८० दिवसांत ते हजारावा हिस्सा उरतं, आणि १९८६ सालच्या दिवाळीपर्यंत ते संपल्यातच जमा होतं. म्हणून आयोडिनच्या गोळ्या नेऊ नका. ती गोळी थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडिनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडिनला जागा राहत नाही. जिथे ते आयोडिन नाही तिथे ती घेण्यात काहीच अर्थ नाही. त्या वेळी मात्र या गोळीचं मोल फार मोठं होतं. गवतावर पडलेलं आयोडिन गाईच्या दुधात आलं, ते दूध मुलं प्यायली, आणि २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. काही आठवडे दूध थांबवलं असतं तर यातले बरेच टळले असते. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत यापेक्षा जास्त सलणारी गोष्ट मी वाचलेली नाही.

आज उरलंय ते मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९०. दोघांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास. ४० वर्षांनंतर दोघांचा अजून सुमारे दोन पंचमांश भाग शिल्लक राहतो. शिवाय प्लुटोनियम. त्याचे कण जड, त्यामुळे ते अणुभट्टीजवळच पडले. प्लुटोनियम-२४१ चं हळूहळू अमेरिशियम-२४१ बनतं, आणि तेवढं एक तिथे कमी न होता वाढत चाललं आहे. प्लुटोनियमचे बाकीचे प्रकार आणि हे अमेरिशियम अल्फा किरण टाकतात. अल्फा कागदाने अडतात, तुमच्या शर्टानेही अडतात. पण तो कण धुळीबरोबर फुप्फुसात गेला तर तिथे अडवायला शर्ट नाही. आणि पर्यटकाच्या हातातल्या बहुतेक स्वस्त काउंटरना अल्फा दिसतच नाहीत. काउंटर गप्प आहे म्हणून धूळ फुंकायला जाऊ नका, हे त्यासाठी.

शेवाळाची गोष्ट सांगते. सांस्कृतिक भवनासमोरच्या चौकात डांबराला भेगा पडल्या आहेत आणि त्या भेगांतून हिरवं, मऊ शेवाळ वाढलं आहे. पावसाळ्यात आपल्या गच्चीवर येतं तसंच दिसतं, बोट फिरवावंसं वाटेल असं. कमरेच्या उंचीवर माझा काउंटर ०.७ दाखवत होता. गुडघे न टेकता खाली वाकून तो शेवाळाच्या वर चार बोटांवर धरला. टकटक वाढत गेली, आकडा ३, मग ८, आणि अर्ध्या मिनिटाने १४ वर स्थिरावला. बाजूलाच वीतभर अंतरावर, उघड्या डांबरावर, पुन्हा १ च्या आत. कारण सोपं आहे. डांबर चाळीस वर्षं पावसाने धुतलं गेलं. धुतलेलं सगळं भेगांत, रस्त्याच्या कडेला, गटाराच्या तोंडाशी, छताच्या पन्हळीखाली साचलं. शेवाळाला मूळ नसतं. ते अंगावरच पाणी आणि क्षार शोषून घेतं, आणि त्यातलं सीझियम धरून बसतं. म्हणून तिथे गाइड पुन्हा पुन्हा सांगतात की रस्त्याच्या मधून चाला, शेवाळावर पाय देऊ नका. आमच्या गटातली एक मुलगी फोटोसाठी त्याच चौकात खाली मांडी घालून बसली. गाइडने तिला दंडाला धरून उठवलं. मला तो उद्धट वाटला नाही.

बाकी तापलेल्या जागा आहेतच. बसने लाल जंगलाजवळून जाता. स्फोटानंतरचा पहिला दाट झोत पश्चिमेला या पाइनच्या जंगलावर गेला, झाडं मरून तांबडी पडली आणि पुढे पुरून टाकली गेली. बंद खिडक्यांच्या बसमध्येसुद्धा तिथे आकडा काही सेकंदांत ०.३ वरून ६ च्या पुढे जातो आणि तसाच खाली येतो. सगळ्यांचे भोंगे एकदम वाजतात, कारण बहुतेक काउंटरचा भोंगा ०.३ ला लावलेला असतो. घाबरू नका. एक मिनिट ६ असणं म्हणजे ०.१ मायक्रोसिव्हर्ट. दराचा आकडा आणि वेळ यांचा गुणाकार झाल्याशिवाय डोस होत नाही. मोठ्या आकाशपाळण्याच्या एका डब्याचा तळही असाच तापलेला आहे, गाइड हमखास दाखवतात. आणि साफसफाईच्या वेळी वापरलेला एक यारीचा लोखंडी पंजा झाडीत पडलेला आहे. लोक त्याच्यात हात घालून फोटो काढतात. तो पंजा भग्न अणुभट्टीजवळचा मलबा उचलायला वापरला होता. त्याला हात लावण्याचं कुठलंही कारण मला सुचत नाही.

जिथे अजिबात जायचं नाही ती जागा म्हणजे १२६ क्रमांकाच्या रुग्णालयाचं तळघर. त्या पहाटे आग विझवायला गेलेल्या जवानांना आधी तिथे आणलं. त्यांचे कोट, बूट, हेल्मेट काढून तळघरात टाकले गेले, आणि ते अजून तिथे आहेत. प्राव्हिक आणि किबेनोक हे दोन तरुण लेफ्टनंट आपापल्या तुकड्या घेऊन आले होते, तेव्हा छतावर पडलेल्या ग्रॅफाइटच्या तुकड्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. तीव्र किरणबाधा झालेले १३४ रुग्ण नक्की झाले, त्यातले २८ जण त्याच वर्षी गेले. या दोघांचाही त्यांच्यात समावेश होता. त्यांचे कपडे बघायला रात्री विजेऱ्या घेऊन उतरणारे लोक आहेत, व्हिडिओही सापडतील. तुम्ही त्यांच्यात नसावं, असं मला मनापासून वाटतं. डोसमुळे तर आहेच, पण त्या कपड्यांना आपण बघायची वस्तू करू नये म्हणूनही.

कपड्यांचं आता थोडक्यात. पूर्ण बाह्या, लांब पँट, बंद बूट. हाफ पँट आणि सँडल असतील तर क्षेत्राच्या प्रवेशावरच्या दित्यात्की नाक्यावरूनच परत पाठवतात. बुटाचा तळ जितका सपाट तितका चांगला, कारण खोल खाचांत माती बसते. पांढरे अंगभर सूट घालून फिरणारे दिसतील. त्या पातळ सुटाने आरपार जाणारे गामा किरण अडत नाहीत, ते फक्त फोटोपुरते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी चांगला धूळरोधक मास्क मात्र उपयोगी पडतो. बॅग खाली ठेवायची नाही. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड नेलात तर त्याच्या पायांना प्लास्टिक बांधा आणि निघताना ते काढून तिथल्या कचरापेटीत टाका. सगळ्यात जास्त माती घरी येते ती ट्रायपॉडबरोबर. उघड्यावर खायचं-प्यायचं नाही, सिगारेट नाही. जेवण चेर्नोबिल गावातल्या कॅन्टीनमध्ये मिळतं, त्याचं सामान बाहेरून येतं, ते निर्धास्त खा. वय १८ पूर्ण लागतं, पासपोर्ट मूळ लागतो. गरोदर बाईने जाऊ नये. आकडे छोटे असले तरी तेवढी जोखीम कशासाठी घ्यायची? भटकी कुत्री फार प्रेमळ आहेत, कुरवाळू नका. त्यांच्या केसांत माती असते, आणि रेबीजची भीती किरणांपेक्षा मोठी आहे.

परत येताना दोनदा तपासणी होते, एकदा आतल्या लेलिव्ह नाक्यावर आणि एकदा दित्यात्कीला. जुन्या सोव्हिएत बनावटीची लोखंडी चौकट, त्यात चढून उभं राहायचं, दोन्ही तळवे बाजूच्या पट्ट्यांवर दाबायचे. हिरवा दिवा लागला की दांडा सुटतो. २०१८ साली लेलिव्हला माझ्या डाव्या पायाशी लाल दिवा लागला. आयुष्यभर मी दुसऱ्यांना अशा चौकटीत उभं केलं होतं. तिथल्या माणसाने काही न बोलता बूट काढायला सांगितला, उलटा केला. टाचेच्या खाचेत वाटाण्याएवढा चिखल आणि त्यात शेवाळाचा एक तंतू. त्याने ओल्या ब्रशने तो खरवडून काढला, पुन्हा उभं केलं, हिरवा. सगळं मिळून तीन मिनिटं. तो चिखल माझ्याबरोबर विमानातून घरी आला असता तरी मला काही झालं नसतं. पण तो नातवाच्या खेळण्यांशेजारी पडला असता, आणि ते मला चाललं नसतं. आईंना हेच सांगा. खालीच आंघोळ करायची गरज नाही, हॉटेलवर परतल्यावर नेहमीसारखी साबणाने आंघोळ, केस धुणे, कपडे वेगळे धुणे आणि बुटाचे तळ वाहत्या पाण्याखाली घासणे एवढं पुरे.

आणि मुलांबद्दलही सांगा. २०२१ साली चेर्नोबिलच्या बाधित आईवडिलांना नंतर झालेल्या १३० मुलांच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांपैकी बऱ्याच जणांनी साफसफाईत काम केलेलं होतं किंवा त्यांना तिथून हलवलेलं होतं. मुलांमध्ये नव्या जनुकीय बदलांचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर अनेक दशकं लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यातही आनुवंशिक दोषांची वाढ दिसली नाही. त्यांना लागलेले डोस तुमच्या एका दिवसाच्या हजारो पटींनी जास्त होते. लग्न खुशाल करा.

आता जी भीती कुणी विचारत नाही पण विचारायला हवी ती. प्रिप्यातमध्ये माणसाला खरी इजा होऊ शकते ती पडझडीने. इमारतींत शिरायला २०१२ पासून अधिकृत बंदी आहे आणि ती योग्य आहे. पहिल्या क्रमांकाच्या शाळेचा एक भाग २००५ सालीच कोसळला. छतांतून पाणी झिरपतं, हिवाळ्यात गोठतं, काँक्रीट फुगवतं. व्यायामशाळेची लाकडी जमीन मी फुटक्या खिडकीतून बाहेरूनच पाहिली. फळ्या तळलेल्या पापडासारख्या वर उचलल्या गेल्या होत्या. त्यावर पाय ठेवला तर खाली काय आहे हे कुणालाच माहीत नाही. लिफ्टच्या विहिरींची दारं उघडी आहेत. गाइड म्हणाला "पाच मिनिटं आत जाऊन येऊ, कुणी बघत नाही" तरी नको म्हणा.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगते. मी बरीच वर्षं केंद्राच्या वसाहतीत राहिले. एकाच ठेवणीच्या इमारती, शाळा, दवाखाना, सहकारी भांडार, संध्याकाळी पाळीवरून परतणाऱ्या बसेस, आणि सगळ्यांचे नवरे किंवा बायका एकाच ठिकाणी कामाला. प्रिप्यात तसंच होतं. १९७० साली अणुवीज केंद्रासाठी वसवलेलं, केंद्रापासून अवघ्या ३ किलोमीटरवर. जवळजवळ ४९,००० वस्ती आणि सरासरी वय २६ च्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलांचं, बाबागाड्यांचं गाव. एका इमारतीच्या उघड्या दारातून आत टपालाच्या पेट्या दिसल्या. निळ्या, ओळीने, घरांचे क्रमांक घातलेल्या, काहींची झाकणं उघडी. आमच्या जिन्याखाली अगदी अशाच पेट्या होत्या, आणि आमची १४ नंबरची होती. मी तिथे १४ नंबरची पेटी शोधली. सापडली. झाकण नव्हतं.

आमच्याकडे दर दोन वर्षांनी केंद्राबाहेरच्या आणीबाणीची रंगीत तालीम व्हायची. १६ किलोमीटरच्या परिघातली गावं, तहसीलदार, पोलीस, एसटीच्या बसेस, गोळ्यांची पाकिटं. गावकरी कंटाळायचे, "मॅडम, भात लावायचा सोडून कुठे बसमध्ये बसू?" म्हणायचे. मी चिकाटीने बसवायचे, कारण प्रिप्यातचे ३६ तास मला पाठ होते. स्फोट शनिवारी पहाटे झाला. शनिवारी मुलं शाळेत गेली. लोक उन्हात फिरले, बाजार झाला. पहिल्या दिवशी वारा शहरावरून नव्हता, हे नशीब. रविवारी, २७ एप्रिलला दुपारी रेडिओवरून घोषणा झाली की कागदपत्रं, अत्यावश्यक वस्तू आणि थोडं खाणं घ्या, गॅस-वीज-पाणी बंद करा, हे तात्पुरतं आहे. दोन वाजल्यापासून कीवहून आलेल्या हजाराहून जास्त बसेस निघाल्या आणि काही तासांत शहर रिकामं झालं. काम नेटकं झालं, पण ते दीड दिवस उशिरा झालं. आणि लोकांनी तीन दिवसांपुरते कपडे घेतले होते.

म्हणून तिथल्या वस्तूंबद्दल मला एक सांगायचं आहे. फोटोंत जे दिसतं त्यातलं पुष्कळ मांडलेलं असतं. खिडकीत बसवलेली बाहुली, तिच्या तोंडाला लावलेला गॅस मास्क, बाकावर उघडं पुस्तक. हे पुढे आलेल्या लोकांनी रचलं आहे. शाळेच्या जेवणघरातला मास्कचा तो प्रसिद्ध ढीग नागरी संरक्षणाच्या साठ्यातला होता, नंतरच्या चोरट्यांनी तो जमिनीवर ओतला. त्या रात्री कुठल्याही मुलाने तो घातला नव्हता. घरं इतकी रिकामी का, तर साफसफाईच्या वेळी दूषित सामान खिडक्यांतून खाली टाकून पुरलं गेलं आणि उरलेलं लुटलं गेलं. त्या आकाशपाळण्याचं उद्घाटन १ मेला व्हायचं होतं, ते झालंच नाही. तुम्ही जाल तेव्हा काही हलवू नका, नवी बाहुली मांडू नका, आणि खिशात घालून तर काहीच आणू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय ती वस्तू दूषित असते आणि कुणाची तरी असते.

कुणाची तरी म्हणजे कुणाची, ते मला दित्यात्कीच्या रांगेत कळलं. २०१८ चा तो एप्रिल ईस्टरनंतरचा होता. त्या दिवसांत युक्रेनमध्ये लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, आणि मूळ रहिवाशांना तेव्हा तेवढ्यासाठी आत सोडायचे. आमच्या बसपुढे खासगी गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांत फुलं, झाडू, कुदळी, रंगवलेली अंडी. सत्तरीच्या जवळ आलेली एक बाई बाहेर उभी होती, हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. आईवडिलांच्या कबरीभोवतीचं कुंपण रंगवायचं होतं. आमच्या गाइडने तिला आम्ही कोण ते सांगितलं. तिने माझ्याकडे पाहून एकच विचारलं, "तुम्ही घरांत शिरता का?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

चेर्नोबिल हे नाव तिथे उगवणाऱ्या एका कडवट झुडपाचं आहे. आपण जोतिबाला दवणा वाहतो, त्या दवण्याची ती सख्खी बहीण. रस्त्याच्या कडेला भरपूर दिसते. पान चुरगाळून वास घ्यावासा वाटतो, मलाही वाटला. घेतला नाही.

आता फुकुशिमा. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर तिथली गावं अशीच उठवली गेली. फरक असा की तिथे लोक परत येत आहेत. थोडे, पण येत आहेत. फुताबा गावाच्या काही भागात राहण्यावरची बंदी ३० ऑगस्ट २०२२ ला उठली. तोक्योहून निघणारी जोबान रेल्वे मार्च २०२० पासून पुन्हा सलग धावते, फुताबा स्टेशनवर उतरता येतं. तिथे आपत्तीचं स्मृती संग्रहालय आहे, आणि शेजारच्या नामिए गावात उकेदोची प्राथमिक शाळा त्सुनामीने जशी केली तशी जतन केली आहे. त्या शाळेतली सगळी मुलं शिक्षकांबरोबर डोंगराकडे चालत गेली आणि वाचली. बंद केलेल्या भागांच्या कडेला लोखंडी फाटकं दिसतील, ती ओलांडू नका. बाकी ठिकाणी परवानगीची गरज नाही, पातळीचे फलक रस्त्यावर लावलेले आहेत. युक्रेन उघडण्याची वाट बघत बसण्यापेक्षा आधी इथे जा, असं माझं मत. नियम तेच: मातीला हात नाही, रस्ता सोडायचा नाही, कुणाच्या घरात डोकवायचं नाही.

आणि गायगर काउंटर. घ्या, पण जायच्या आदल्या आठवड्यात नको, आत्ताच घ्या. मोजायची सवय लागायला वेळ लागतो. मीटरभर उंचीवर धरायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग आकडा वाचायचा. जमिनीला चिकटवून धरलात तर बीटा किरणही मोजले जातात आणि स्क्रीनवरचे मायक्रोसिव्हर्ट फुगून दिसतात. तिथे तो फक्त इथे जास्त आहे की तिथे एवढंच सांगतो, डोस सांगत नाही. काउंटरच्या खिडकीवर, म्हणजे किरण आत घेणाऱ्या भागावर, प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, म्हणजे काउंटरच दूषित होणार नाही. तो आला की महिनाभर घरातच मोजा. पुण्याचा काळा कातळ किरणांच्या बाबतीत फार गरीब, आकडा खालीच राहील. मग काउंटर स्वयंपाकघरात न्या आणि ओट्यावर ठेवा. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर आकडा थोडा चढलेला दिसेल, आणि आई बघत असतील तर त्यांनाही दाखवा. एक वही करा, तारीख, जागा, उंची, आकडा. पहिली नोंद ओट्याची, दुसरी विमानातली.